मांजर कुठल्या पानावर आहे?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

मागच्या अंकात मी चित्रांच्या पुस्तकांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि मेसेजांचा ढीगच पडला. बहुतेक प्रश्न प्राथमिकच्या शिक्षकांचे आहेत, थोडे आईबाबांचेही. मी 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांवर काढली, तेवढ्याच भांडवलावर उत्तरं देतेय, त्यामुळे कुठे चुकलं तर हक्काने कळवा. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : आमची शाळा द्विशिक्षकी आहे, पहिली ते चौथी मिळून 27 मुलं. दुसरे सर ट्रेनिंगला गेले की चारही वर्ग माझ्याकडेच. चित्रांची पुस्तकं आलीयत पण प्रत्येकाची एकच प्रत. 27 मुलांनी एका पुस्तकाचं करायचं काय? आणि वाचून झालं की मी तात्पर्य विचारतो तर गोष्ट कुठलीही असो, मुलं म्हणतात 'खोटं बोलू नये'. काय चुकतंय?
— एक गुरुजी, अकोले तालुका

उत्तर : गुरुजी, आधी त्या तात्पर्याचं बघू. मी पण पहिली दहा वर्षं हेच करायचे, गोष्ट संपली रे संपली की 'मग मुलांनो, यातून आपण काय शिकलो?', आणि मुलं बेरकी असतात हो, त्यांना पक्कं माहीत असतं की खोटं बोलू नये, मोठ्यांचं ऐकावं आणि एकीचे बळ यातलं काहीतरी एक बाईंना चालतंच, मग गोष्ट नीट ऐकायची तरी कशाला. तात्पर्य सोडून द्या. निदान सहा महिने सोडून बघा, काही बिघडत नाही.

मी काय करायचे ते सांगते. पहिल्या दिवशी वाचायचंच नाही. सगळ्यांना खाली अर्धगोलात बसवायचं, पहिलीची पुढे, चौथीची मागे, पुस्तक मुलांकडे तोंड करून धरायचं आणि एकेक पान सावकाश, म्हणजे आपल्यालाच कंटाळा येईल इतक्या सावकाश, दाखवत जायचं. आपण प्रश्न दोनच विचारायचे. काय काय दिसतंय? आणि कुणी काही बोललं की, कशावरून म्हणतोस? बाकी तोंड बंद. हे फार अवघड जातं, शिक्षकाला गप्प बसायची सवय कुठे असते.

एकदा बाजाराच्या गोष्टीचं एक पुस्तक घेतलं होतं. मजकूर अगदी साधा, एक मुलगी आजीबरोबर बाजारात जाते, काय काय घेते आणि परत येते. पण चित्रकाराने प्रत्येक पानावर कुठेतरी एक मांजर काढून ठेवलं होतं, कधी टोपलीमागे, कधी हातगाडीखाली, आणि मजकुरात त्या मांजराचा एका शब्दाने उल्लेख नाही. मी ते पुस्तक आधी चारदा वाचलेलं, मला मांजर दिसलं नव्हतं. आपण मोठी माणसं अक्षरं वाचतो आणि चित्रावरून नुसती नजर फिरवतो, अजून अक्षर न येणाऱ्या मुलाकडे चित्राशिवाय दुसरं काही नसतं म्हणून ते सगळं बघतं. पहिलीतली एक पोर तिसऱ्या पानाला उभी राहून म्हणाली, बाई मागे जा. मागे गेले. मग म्हणाली, आता पुढे. कोळणीच्या टोपलीत आधी पाच मासे होते, आता चारच आहेत.

झालं, वर्ग पेटला. मांजराने खाल्ला, मांजराने खाल्ला! तर चौथीतला एक म्हणतो, कशावरून, गिऱ्हाइकाने विकत घेतला असेल. मग गिऱ्हाइकाच्या पिशव्या तपासल्या, एकीत कोथिंबीर, एकीत नारळ, मासा कुणाकडेच नाही. मग मांजराच्या मिशा बघायला आठ-दहा जण पुस्तकावर पडले. मग कुणीतरी म्हणालं की आपल्याला पिशवीच्या आत कुठे दिसतंय, मासा कोथिंबिरीखाली असू शकतो. 45 मिनिटं गेली, मधली सुट्टी झाली तरी कुणी हललं नाही, आणि मी एक ओळही वाचून दाखवली नव्हती. वजाबाकी झाली, पुरावा म्हणजे काय ते झालं, आणि एरवी 'हो बाई, नाही बाई'च्या पुढे न जाणारी मुलं अख्ख्या वाक्यात भांडली.

दुसऱ्या दिवशी वाचून दाखवायचं. आता मुलं ऐकतात कारण त्यांना मांजराचा निकाल हवा असतो. तिसऱ्या दिवशी कागद द्या. पहिलीच्या मुलांनी बाजारातली एक वस्तू काढायची आणि जमेल तसं नाव लिहायचं, दुसरीने चित्रातल्या कुणाच्याही तोंडचं एक वाक्य कागदाचा फुगा कापून त्यावर लिहायचं आणि तो त्या पानावर नुसता ठेवून वाचायचा, चिकटवायचा नाही हं, आणि तिसरी-चौथीने तीच गोष्ट मांजराने सांगितली तर कशी सांगेल ते लिहायचं. चारही वर्गांना एकच पुस्तक पुरतं. तुम्ही एका वर्गाबरोबर असाल तेव्हा चौथीतल्या दोघांना पुस्तक घेऊन पहिलीच्या मुलांत बसवा, वाचून दाखवायला. अडखळत वाचणारा चौथीतला मुलगासुद्धा पहिलीसमोर बसला की आदल्या दिवशी घरी दहादा तयारी करून येतो.

प्रश्न : हेडमास्तर म्हणतात चित्रं बघत बसलात तर सिलॅबस कधी संपणार. आणि टाचणात, म्हणजे रोजच्या पाठाच्या नोंदीत, काय लिहू?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : टाचणात 'चित्रवाचन, श्रवण व भाषण' लिहा, ते खरंच आहे आणि कुणाला हरकत घेता येत नाही. पहिली-दुसरीच्या पाठ्यपुस्तकात चित्र बघून गप्पा मारायची पानं असतातच, तुम्ही तेच करताय. 2021 मधे आलेलं ते केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान, त्यातही तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता आलं पाहिजे असंच म्हटलंय, आणि समजून हा शब्द आपण सगळेच सोयीने विसरतो. तरी हेडमास्तर ऐकत नसतील तर शनिवार धरा, दप्तराशिवायचा आनंददायी शनिवार त्याचसाठी आहे. आणि एकदा त्यांनाच वर्गात बोलवून पुस्तक वाचून दाखवायला सांगा. आमच्या एका हेडमास्तरांना वाघाचा आवाज काढायला लावला होता मुलांनी, नंतर ते स्वतःच दर आठवड्याला यायला लागले.

प्रश्न : माझ्या वर्गातली सगळी मुलं घरी पावरी बोलतात. पुस्तकं प्रमाण मराठीत. वाचून दाखवलं तर नुसती बघत राहतात, प्रश्न विचारला तर खाली माना. मलाही पावरी पुरती येत नाही.
— एक शिक्षक, धडगाव, जि. नंदुरबार

उत्तर : तुम्हाला येत नाही हे खूप चांगलंय, कारण आता मुलं तुम्हाला शिकवतील. गंमत नाही करत. चित्रावर बोट ठेवून विचारा, याला तुम्ही काय म्हणता? ते सांगतील, तुम्ही म्हणून दाखवा, चुकीचा उच्चार कराल, वर्ग हसेल, आणि त्या हसण्यात निम्मी भीती जाते. ज्या शब्दाला मुलं मान डोलावतील तो फळ्यावर देवनागरीत लिहा, शेजारी मराठी शब्द. एका पुस्तकात असे पंधरा-वीस शब्द सहज निघतात, झाला की तुमच्या वर्गाचा शब्दकोश.

मग गोष्ट मुलांना त्यांच्या भाषेत सांगू द्या, चित्रं बघून, आपल्या मजकुराला न विचारता. एक जण सांगतोय आणि वरच्या वर्गातला कुणी लिहून घेतोय, वाक्याला वाक्य, जसंच्या तसं. ती चिठ्ठी त्या-त्या पानाला चिमट्याने लावली की एका पुस्तकात दोन भाषा. माझा अनुभव असा की मुलांची गोष्ट छापलेल्या गोष्टीपेक्षा लांब आणि बरीच जास्त मसालेदार असते. मराठी मागून येते, घाई करू नका. आणि चित्रातलं घर, शेत, जेवण त्यांच्याकडच्यासारखं नसेल तर तेच विचारा, आपल्याकडे असं असतं का? कसं असतं? त्यावर तासभर जातो.

प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर म्हणून एक फुकट व्यासपीठ आहे, 2015 पासून चालू आहे, तिथे मराठीच्या जोडीने देशातल्या कितीतरी छोट्या भाषांत चित्रकथा आहेत. आणि मोठी गोष्ट म्हणजे त्या गोष्टी मुक्त परवान्याच्या आहेत, म्हणजे लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून तुम्ही त्याची प्रिंट काढू शकता, भाषांतर करू शकता, तेही कुणाला न विचारता. लॉकडाऊनमधे 'गोष्टींचा शनिवार' म्हणून ज्या गोष्टींच्या लिंका फोनवर यायच्या त्या आठवत असतील ना, त्या तिथल्याच. बाकी दुकानातून आणलेल्या पुस्तकांची मात्र अख्खी झेरॉक्स काढून वाटू नका, मराठीत चित्रांची चांगली पुस्तकं काढणारे प्रकाशक आधीच मोजके, त्यांच्या पोटावर कशाला पाय.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात दुसरीत आहे. टीचरने त्या भुकेल्या सुरवंटाच्या प्रसिद्ध इंग्रजी पुस्तकावरून अंड्यांच्या ट्रेचा सुरवंट करून आणायला सांगितलाय. तो मीच करणार हे उघड आहे. शिवाय नवरा म्हणतो पुस्तकात सायन्स चुकीचं आहे. खरं का?
— एक आई

उत्तर : ट्रेचा सुरवंट तुम्ही रात्री साडेअकराला करणार, दुसऱ्या दिवशी वर्गात 40 एकसारखे सुरवंट आणि मुलीने त्यात फक्त डोळे चिकटवलेले. याला ऍक्टिव्हिटी म्हणतात याचं मला कायम आश्चर्य वाटतं. टीचरला प्रेमाने सांगून बघा की मुलीने स्वतः केलेलं, वाकडंतिकडं, चालेल का.

नवऱ्याचं म्हणाल तर ते बरोबर आहेत पण गंमत अशी की मराठीत ती चूक होतच नाही. एरिक कार्लचं ते पुस्तक 1969 चं. त्यात सुरवंट स्वतःभोवती जे घर बांधतो त्याला लेखकाने ककून म्हटलंय, पण ककून म्हणजे रेशमाच्या किड्याचा असतो तो धाग्यांचा कोसला, तो पतंगाच्या जातीतले किडे विणतात. बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या असं विणत बसत नाहीत, त्या कात टाकतात आणि आतून निघणारा कडक कोषच लटकत राहतो, इंग्रजीत त्याला क्रिसॅलिस म्हणतात. आपण दोन्हीला कोष म्हणून मोकळे.

आणि त्या पुस्तकातली खरी मजा घ्यायची तर लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडाशी जा, कुंडीतला कढीपत्ता पण चालतो. पावसाळ्यात पानं कुरतडलेली दिसली की नीट बघा, पक्ष्याची शिट पडल्यासारखं काहीतरी असेल, तीच लहान अळी. ती खाऊन खाऊन मोठी झाली की एक दिवस हिरवीगार होऊन बसते आणि मुलं म्हणतात जुनी पळाली, ही दुसरी आली. काडीने हळूच डिवचलं तर डोक्यामागून दोन शिंगांसारखं लालसर काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते, वर्गात हा प्रकार झाला की पुढचा तास विसरा. आपलं राज्य फुलपाखरू, 2015 मधे जाहीर झालेलं ते ब्लू मॉरमॉन म्हणजे नीलवंत, तेसुद्धा याच लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं.

पुस्तकातला सुरवंट सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नाशपती असं करत शनिवारी केक, आइस्क्रीम, काय वाट्टेल ते खातो. आमच्या मुलांनी त्याची आपली आवृत्ती केली होती, सोमवारी एक पेरू, मंगळवारी दोन चिकू आणि शनिवारी वडापाव, भेळ, जिलेबी आणि एकाच्या आग्रहाखातर खर्डा-भाकर. वार, आकडे, फळांची अनेकवचनं, सगळं त्यात आलं. आणि मग एकाने खऱ्या अळीसमोर पेरूची फोड ठेवली. तिने ढुंकून पाहिलं नाही. दोन दिवस वाट बघून मुलांनीच शोध लावला की ही बाई कढीपत्त्याशिवाय काही खात नाही, थोडं लिंबाचं पान दिलं तर खाते. मग पुस्तकातलं खरं काय आणि गमतीचं काय याची यादी त्यांनी केली, मी फक्त खडू दिला.

प्रश्न : आमच्याकडे पुस्तकं भरपूर आहेत पण कपाटाला कुलूप. हरवलं-फाटलं तर भरून कोण देणार म्हणून चावी एकाकडे, आणि ते रजेवर.
— नाव नको

उत्तर : हे कपाट मी राज्यभर पाहिलंय. वाळवीला मात्र चावी लागत नाही.

दहा पुस्तकं तरी बाहेर काढून घ्या, रजिस्टरला तुमच्या नावावर लिहून. खिडकीपासून खिडकीपर्यंत मुलांच्या छातीच्या उंचीवर सुतळी बांधा आणि पुस्तकं मधल्या पानावर उघडून त्यावर वाळत घातल्यासारखी अडकवा, वरून कपड्याचे चिमटे. मुखपृष्ठ दिसलं तरच मूल पुस्तक उचलतं, कण्याकडून रांगेत उभं केलेलं पातळ पुस्तक कुणालाच दिसत नाही.

फाटणार, हे धरूनच चाला. चिकटपट्टी लावू नका, वर्षभरात पिवळी पडते आणि सुटताना चित्र घेऊन सुटते. पातळ कागदाची पट्टी आणि कणकेची खळ चांगली, खळीत चिमूटभर मोरचूद घालतात तो मुलांच्या हाती देऊ नका, विषारी असतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर पिना गंजतात, गंजाचे डाग पानावर पसरतात. पावसाळ्याच्या आधी एक दुपार काढा, पिना सरळ करून उपसून टाका, त्याच भोकांतून आणि मधे आणखी एक भोक पाडून दाभणाने जाड दोरा ओवा, मधल्या भोकातून सुरू करून वर, मग खाली, आणि परत मधे आणून गाठ. आमच्या चौथीच्या मुलांनी एका दुपारी 22 पुस्तकं शिवली, दाभण मात्र माझ्या हातात होतं. एका मुलीने मोच्याच्या दुकानात बघितलेला टाका घालून दाखवला, तो माझ्या टाक्यापेक्षा पक्का निघाला.

प्रश्न : न्यूजर्सीत रविवारची मराठी शाळा घेते, मुलं 6 ते 9 वर्षांची. कळतं सगळं, पण उत्तर इंग्लिशमधे. भारतातून आणलेली पुस्तकं त्यांना वाचायला जड जातात.
— एक ताई

उत्तर : वाचायला लावूच नका गं. मजकुरावर त्या पिवळ्या चिकटणाऱ्या चिठ्ठ्या लाव आणि फक्त चित्रं ठेव. मूल म्हणालं 'द कॅट इज हायडिंग' तर तू म्हण, हो का, कुठे लपलंय मांजर? एवढंच. 'मराठीत बोल' म्हणालीस की ते गप्प होतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात 'मांजर इज लपिंग' असलं काहीतरी ऐकू येईल, त्याला हसायचं नाही आणि मूल 'ती मांजर' म्हणालं तर 'ते मांजर' असं लगेच सुधारायचं तर नाहीच, इथे पुण्यात सुद्धा निम्मे लोक 'ती मांजर' म्हणतात. आणि पुस्तक घरी पाठव, व्हिडिओ कॉलवर आजीला चित्र दाखवून गोष्ट सांगायची. आजीला इंग्लिश चालत नसेल तर फारच उत्तम. ती पलीकडून 'ऐकू येत नाही रे, परत सांग' म्हणत राहते त्यात आपोआप तिसऱ्यांदा सांगणं होतं.

प्रश्न : वर्गात 48 मुलं, मागच्यांना पुस्तकातलं चित्र दिसत नाही. टीव्ही आहे पण वीज नसते.
— एक बाई, मुरबाड

उत्तर : चित्र मोठं करायचं. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे, तिथले ठाकर समाजातले कलाकार पिढ्यानपिढ्या चित्रकथी सादर करतात, सुट्या चित्रांची पोथी असते, एकेक चित्र लोकांसमोर उभं धरायचं आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातली गोष्ट गात सांगायची, की पुढचं चित्र. तिथल्या परशुराम गंगावणेंना 2021 मधे पद्मश्री जाहीर झाली. त्यांना कधी वीज लागली नाही. तोच प्रकार करा. पुस्तकातली पाच-सहा चित्रं निवडा, मुलांचे गट करा आणि एकेका गटाला एक चित्र मोठ्या कागदावर बघून काढायला द्या. कागद म्हणून जुनी कॅलेंडरं, पण कालनिर्णय नको, त्याच्या मागे सगळं छापलेलं असतं, पतसंस्थांची आणि खतवाल्यांची मोठी देवांची चित्रं असतात ना, त्यांची मागची बाजू कोरी असते. मग गट आपापलं चित्र धरून उभा राहतो, कुणी ताटली वाजवतं, आणि गोष्ट सांगितली जाते. चित्रं मिसळून द्या आणि क्रम लावायला सांगा, चुकीच्या क्रमाने लावली तर वेगळीच गोष्ट होते का बघा. पालकसभेला हे ठेवा, भाषणापेक्षा गर्दी जास्त होते.

प्रश्न : मला स्वतःला अजिबात चित्र काढता येत नाही. कशी घेऊ ऍक्टिव्हिटी?
— एक नवीन शिक्षणसेवक

उत्तर : मलाही येत नाही. 31 वर्षांत मी फळ्यावर काढलेल्या म्हशीला मुलांनी कुत्रा, डुक्कर, टेबल आणि एकदा स्कूटर म्हटलंय. स्कूटर म्हणणाऱ्याला विचारलं, कशावरून? तर म्हणाला, बाई, शिंगं हँडलसारखी आहेत. मग तोच पुढे आला, शेपूट काढली, खाली शेणाचा एक गोळा काढला आणि म्हणाला, आता झाली म्हैस.